जळकुकडी

माझ्यासारखाच आजार असलेली एक बाई ठाण्यात, कोलशेतला राहते. डॉक्टर तेच, औषध तेच, वयही जवळपास तेच. आणि ती माझ्यापेक्षा बरी आहे. एवढं एकच वाक्य मला कित्येक वर्षं पुरलं. त्यावर मी जळले, चिडले, नवऱ्याशी भांडले, खडवलीच्या नदीत गळ्यापर्यंत जाऊन बसले. आमच्या बिल्डिंगमधल्या लहान मुली खेळता खेळता एकमेकींना 'जळकुकडी' म्हणून चिडवतात. ते कानावर पडलं की मला वाटतं, कुणीतरी मलाच हाक मारली.

आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. आमच्या घरात ते कुणाच्या तोंडात नीट बसलं नाही, म्हणून एमएस. शरीराने स्वतःच्याच नसांवरचं आवरण खरवडून काढायचं, असा हा उफराटा प्रकार. डॉक्टरांनी मला मिक्सरच्या वायरवरून समजावलं होतं. वायरवरचं रबर झिजलं की मिक्सर कधी फिरतो, कधी नुसता गुरगुरतो. माझा डावा पाय तसा गुरगुरायला लागला होता. त्याआधी एका डोळ्यापुढे काही आठवडे धुकं आलं होतं. ते आपोआप गेलं आणि चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून मी विषय सोडून दिला. पायाचं तसं सोडता येईना. डाव्या पायातली चप्पल निसटून रस्त्यात मागे राहायची आणि मी तशीच पुढे चालत असायची. मागून कुणीतरी ओरडायचं, "ओ मॅडम, चप्पल!"

निदान पहिलं केलं ते सासूबाईंनी. त्या मालवणकडच्या. माझं लंगडणं दोन दिवस निरखून त्यांनी जाहीर केलं, "अंगावरसून वारो गेलोहा हिच्या."

हात किंवा पाय लुळा पडला की आमच्याकडे वारं गेलं म्हणतात. आणि एकदा आजार वाऱ्याचा ठरला की उपचारही वाऱ्याविरुद्धच चालू होतात. पंखा बंद. खिडक्या बंद. गार पाण्याला हात लावायचा नाही. तव्यावर वाळू तापवून तिच्या पुरचुंडीने सकाळ-संध्याकाळ शेक. आमचं घर डोंबिवलीत, चौथ्या मजल्यावर, थेट गच्चीखाली, लिफ्ट नाही. ऑक्टोबरात वरचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती ऊब आमच्यावर सोडतो. त्या घरात मी पायात लोकरी मोजे घालून, बंद पंख्याकडे बघत बसलेली असायची. पाय दिवसेंदिवस बिघडत चालला होता आणि सासूबाई शेक वाढवत होत्या.

मग आली नरक चतुर्दशी. सासूबाईंनी पहाटे उठून मला पाटावर बसवलं, अंगभर तेल रगडलं, उटणं लावलं आणि कढत पाण्याची बादली पुढे ओढली. जितकं कढत तितकं वारं पळणार, असा त्यांचा हिशोब होता, आणि खरं सांगायचं तर मलाही तो पटला होता. दोन-चार तांबे अंगावर घेतले. उठायला गेले, तर कमरेखाली काही नव्हतंच. डोळ्यापुढे पुन्हा ते जुनं धुकं. मी ओरडले. नवऱ्याने आणि शेजारच्या वहिनींनी मला चादरीत गुंडाळून बाहेर आणलं. आंघोळीनंतर डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचं असतं. तुळशीपाशी ठेवलेलं माझं कारीट तसंच राहिलं आणि सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.

त्या गडबडीत कुणीतरी पंखा लावला होता. तो बंद करायचं कुणाला सुचलं नाही. फराळाची ताटं वाढेपर्यंत माझे पाय परत आले होते.

"कढत पाण्यात बसलात?" तपासण्या झाल्यावर ठाण्याच्या डॉक्टरांनी विचारलं. त्यांनी नवऱ्याकडेच बघितलं, जणू त्यानेच मला उकळत ठेवलं होतं. मग त्यांनी सांगितलं की या आजारात उष्णता वैरी. तिने नस नव्याने खरवडली जात नाही, पण झिजलेली वायर तापली की बंद पडते आणि गार झाली की पुन्हा चालू होते. नवा झटका ही वेगळी गोष्ट, त्याचं औषध वेगळं. मग बाकीचं सांगितलं. सिगरेटचा धूर नको, तुमचाही नको आणि दुसऱ्याचाही नको. वजन आटोक्यात. रोज व्यायाम, पण तापेस्तोवर नाही. झोप पुरेशी. ड जीवनसत्त्व फारच कमी आहे, ते भरून काढा. ताप अंगावर काढू नका.

"हे सगळं केलं की मी बरी होईन?" मी विचारलं.

"यातलं काहीही आजार घालवत नाही," ते म्हणाले. "पण त्याची चाल मंदावते. कधीकधी."

मंदावते, एवढं मी ऐकलं. पुढचा शब्द मी तिथेच टेबलावर ठेवून आले.

तिला मी त्यानंतरच्या खेपेला पाहिलं. एप्रिल महिना होता. डोंबिवलीहून ठाण्यापर्यंतच्या रिक्षात माझा पाय तापून पार गेला होता. नवऱ्याने दंडाला धरून मला वेटिंग रूममध्ये आणून बसवलं. माझ्या पायांत पुरुषांच्या विभागातून घेतलेल्या, घट्ट पट्ट्यांच्या फ्लोटर्स, कारण दुसरं काही पायात टिकत नव्हतं. आणि काचेचं दार उघडून ती आली. टक, टक, टक. उंच टाचांच्या चंदेरी सँडल. गळ्यात जाड मंगळसूत्र, हातात सोन्याच्या बांगड्या, केस नुकतेच धुतलेले. मला वाटलं, औषधं विकणाऱ्या कंपनीची कुणी असेल. ती माझ्या शेजारीच येऊन बसली.

"तुमचंपण एमएस काय?" तिने विचारलं. तुमचंपण माहेर अलिबागचं का, अशा सुरात.

मी तिच्या सँडलकडे बघत होते. तोंडाने हो म्हणाले आणि पोटात दुखायला लागलं.

ती बोलकी होती, काही विचारायला लागलंच नाही. कोलशेतचीच, पिढ्यान्‌पिढ्यांची. सासू एकेकाळी मिठागरात मीठ ओढायची. आता त्यांच्या जमिनीवर टॉवर उभा होता आणि त्यात यांची घरं. तिच्या घराला खाडीकडून वारा. प्रत्येक खोलीत एसी. खाली पोहायचा तलाव. "मना डॉक्टर बोलले, पान्यान उतर. मी रोज उतरते. पान्यान पाय कसे हलके होतात गं!" तिचा नवरा माळकरी, घरात सिगरेट तर सोडाच, सुपारीसुद्धा नाही. आणि लिफ्ट. तिने लिफ्टचा उल्लेखही केला नाही, तो मी माझ्या मनात केला.

परतीच्या रिक्षात मी नवऱ्याला सांगितलं, "तिचा एमएस आपल्यापेक्षा चांगल्या घरातला आहे."

तो हसला. मला हसू येत नव्हतं. मला राग होता. एकच दुखणं दोघींच्या वाट्याला आलं, तर तिला खाडीचा वारा आणि मला तापलेला स्लॅब का? एमआयडीसीतून वास सुटला की आम्ही खिडक्या लावून घेतो आणि भाजून निघतो. तिने खिडकी उघडली की समोर तिवरं. औषध जर दोघींचं एकच, तर फरक पडला तो या बाकीच्यानेच, हे मला लख्ख दिसत होतं. ती नीट चालत होती कारण तिच्याकडे ते सगळं होतं. माझ्याकडे ते आलं की मीही चालेन.

कारण मला काठी नको होती. तेवढं एकच माझं मागणं होतं. मी आमच्या घराजवळच्या शाळेत शिकवते. एका हातात पुस्तक, दुसऱ्यात खडू. काठीला तिसरा हात कुठून आणायचा? आणि काठी घेऊन चार मजले रोज चढ-उतार कोण करू देणार मला? आमच्या दारामागे सासऱ्यांची वेताची काठी टांगलेली होती. सासूबाई अधूनमधून ती पुसून ठेवायच्या. त्या प्रेमानेच पुसायच्या, पण कुणासाठी, ते मला समजत होतं आणि मी त्या दाराकडे बघायचं टाळत होते.

मग मी तिची नक्कल चालू केली.

पहिली लढाई सिगरेटची. नवरा गॅलरीत उभा राहून ओढायचा आणि धूर थेट आत यायचा. डॉक्टरांनी सांगून तो सुधारला नव्हता. मी म्हटलं, "तिचा नवरा सुपारीलाही हात लावत नाही, म्हणून ती सँडल घालून फिरते. तू ओढ. माझ्यासाठी काठी आहेच दारामागे." मी हे जेवणाच्या ताटावर म्हटलं, प्रत्येक जेवणाला म्हटलं. डॉक्टरांपुढे न हरलेला माणूस कोलशेतच्या एका अनोळखी नवऱ्यापुढे हरला. चिडचिड करत, बडीशेप चघळत त्याने सिगरेट सोडली.

दुसरी लढाई उन्हाची, ती मी हरले. तिच्या बाल्कनीत सकाळचं कोवळं ऊन येतं, हे तिने सांगितल्यापासून माझ्या डोक्यात ऊन बसलं होतं. माझी सकाळ डब्यांत आणि शाळेत जायची, म्हणून मी सुट्टीच्या दिवशी भर दुपारी गच्चीवर गेले. बायकांनी कुरडया वाळत घातल्या होत्या. त्यांच्या शेजारी पायजमा गुडघ्यापर्यंत सरकवून मीही वाळत बसले. व्हायचं तेच झालं. मला प्लास्टिकच्या खुर्चीत घालून खाली आणावं लागलं आणि चार दिवस जिन्यात तीच चर्चा. डॉक्टर म्हणाले, "ड जीवनसत्त्व दुधात घालायच्या पुडीतून मिळेल. तुम्ही कुरडई नाही आहात."

पाण्याचं मात्र मी सोडलं नाही. आमच्याकडे तलाव नव्हता, पण खडवलीला नदी होती. मे महिन्यात, भल्या सकाळी नवरा मला तिथे घेऊन गेला. काठापर्यंत जातानाच पाय जड झाला होता. एका बाजूला कॉलेजची पोरं स्पीकर लावून नाचत होती, दुसऱ्या बाजूला एक काकू कपडे धूत होत्या. मी सलवार-कमीजसकट उथळ पाण्यात बसले, हळूहळू गळ्यापर्यंत. सुरुवातीला काही कळलं नाही. मग पोटऱ्यांना पाण्याची ओढ कळायला लागली. मग तळव्याखालचे गोटे वेगवेगळे लागले, एक गुळगुळीत, एक टोकदार. कित्येक महिन्यांत माझ्या डाव्या तळव्याने मला काही सांगितलं नव्हतं. मी रडायला लागले. नवरा घाबरून कपड्यांसकट आत आला.

काठावर मी एकटी चढले, कुणाला न धरता. आणि तेवढ्या आनंदातही पहिला विचार आला तो हाच की ती हे रोज करते, लिफ्टने खाली येऊन.

घरी मी माझं कोलशेत उभं केलं. एक मोठा टब आणला. पहाटे, घर तापायच्या आत स्वयंपाक उरकायचा आणि पोळ्या लाटताना पाय टबातल्या गार पाण्यात. मानेभोवती ओला पंचा. शाळेतून आल्यावर जिन्यात दर मजल्यावर थांबायचं, पंचा पुन्हा भिजवायचा, मग पुढचा मजला. सासूबाईंना हे बघवत नसे. "थंड पाणी नको गो, वारो धरात," असं म्हणत त्या स्वयंपाकघराच्या दारात येरझाऱ्या घालायच्या. त्यांचं आयुष्यभराचं वैद्यक मी रोज सकाळी टबात बुडवत होते. पण दिवाळी आली. मी कोमट पाण्याने, पंख्याखाली, सगळी रीत बाटवत आंघोळ केली आणि तुळशीपाशी जाऊन डाव्या अंगठ्याने कारीट फोडलं. फटकन. बी अंगणभर... आता अंगण कुठलं, पॅसेजभर उडाली. त्यानंतर टबात फ्रिजचं पाणी ओतायला सासूबाई स्वतः यायला लागल्या. वाऱ्याबद्दल त्या पुन्हा काही बोलल्या नाहीत.

असे उन्हाळे गेले. माझा पाय पूर्ण सुधारला नाही, पण काठी दारामागेच राहिली. दर काही महिन्यांनी ठाण्याला जायचं, ती भेटायची. तारखा बहुतेक एकच मिळायच्या. दार उघडायचं आणि टक, टक, टक. मी नजर तिच्या टाचांवर ठेवून बसायची. तिने नवीन काय चालू केलं, ते खोदून विचारायची आणि घरी येऊन त्याची गरीब आवृत्ती काढायची. ती योगासनांना शिक्षिका लावायची, मी मोबाईलवर व्हिडिओ बघायची. ती अक्रोड खायची, मी जवसाची चटणी. तिला माझा राग कळत नसावा, असं मला वाटायचं. ती माझ्याशी फार गोड बोलायची आणि त्यानेही मला मिरच्या झोंबायच्या.

गेल्या उन्हाळ्यात मी अशीच नवऱ्याबरोबर वेटिंग रूममध्ये जाऊन बसले होते. दार उघडलं. टकटक झाली नाही. रबरी बुडाचा एक मंद आवाज आला, मग पाय घासल्याचा, पुन्हा तो आवाज. मी वर बघितलं. तिच्या हातात काठी होती, स्टीलची, चार पायांची. पायांत माझ्यासारख्याच पट्ट्यांच्या फ्लोटर्स. तिच्या नवऱ्याने तिला दंडाला धरलं होतं.

मला आनंद झाला. तो क्षणभरच होता, पण झाला. छातीत एकदम मोकळं वाटलं, जिंकल्यासारखं.

आणि त्याच्या मागोमाग भीती आली. हिच्याकडे तर सगळं होतं. खाडीचा वारा, तलाव, एसी, अक्रोड, माळकरी नवरा. जे मिळालं की पाय राहतात असं मी धरून चालले होते, ते सगळं हिच्या घरात होतं आणि तरीही हिचे पाय गेले. मग टबातल्या माझ्या पायांचं काय? इतकी वर्षं मी जिच्यावर जळत होते, तिच्याकडे बघूनच तर मी चार मजले चढत होते. डॉक्टरांच्या टेबलावर ठेवून आलेला तो 'कधीकधी' आता माझ्या समोर येऊन बसला होता.

ती माझ्या शेजारी बसली. बसायला तिला वेळ लागला. तिचा नवरा औषधं आणायला खाली गेला.

"झटका आला," ती म्हणाली. "फेब्रुवारीत. ना ताप, ना काय." मग म्हणाली, "मी सगळं केलेलं गं. एक दिवस चुकवला नाय. माझं काय चुकलं?"

इतकी वर्षं तिचं काय काय बरोबर आहे, ते मी पाठ केलं होतं. चुकलेलं एकही सापडेना.

"काही नाही चुकलं," मी म्हटलं. "इतकं केलंस म्हणून इतकी वर्षं टिकले असतील पाय." हे खरं आहे का, मला माहीत नव्हतं. बोलता बोलता माझी नजर सवयीने तिच्या पायांकडे गेली.

तिने ते बघितलं. "सँडल शोधतेस?" ती म्हणाली.

माझे कान तापले.

"बघायचीस ना तू. मना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून बघायचीस." ती हसली, तिचं नेहमीचं मोकळं हसू. "त्या मी घरातून घालून नाय यायचे, बाय. गाडीत ठेवलेल्या असायच्या. गाडीतून उतरायचे ती साध्या चपलांत, सँडल पिशवीत. वर लिफ्टमधून बाहेर आले की नवऱ्याच्या खांद्याला धरून सँडल घालायचे. दारापासून या खुर्चीपर्यंत चालायचं, बस. तेवढ्यान जीव जायचा माझा."

"मग कशाला घालायचीस?"

"तू जळायचीस म्हणून," ती म्हणाली. "आमच्या घरान सगळे माझ्याकडे बिचारी म्हणून बघतात. सासू, जावा, पोरं, कामवाली पन. माझ्यावर जळनारी तू एकटीच होतीस. तारीख आली की मी आदल्या दिवसापासून चालायची प्रॅक्टिस करायचे."

मी तिचा हात धरला. तो गार होता, एसीतून आलेल्या माणसाचा.

आतून नर्सने माझं नाव पुकारलं. माझा नवरा उठला आणि सवयीने माझ्या दंडाला हात घालायला लागला. मी तो बाजूला केला. मे महिना होता, रिक्षात पाय तापला होता, डाव्या पावलाखाली फरशी आहे की नाही ते नीट लागत नव्हतं. डॉक्टरांचं दार हॉलच्या त्या टोकाला. मी पाठ ताठ केली, ओढणी सारखी केली आणि भिंतीला हात न लावता निघाले. मागे वळून बघायची गरज नव्हती. तिची नजर कुठे असेल, ते माझ्याइतकं कुणाला माहीत असणार?